रुखवतातली पेटी

विहीणबाई, तुमच्या तेराव्याला फोटोला हार घालायला मी पुढे झाले नाही. माझ्या निखिलनं, तुमच्या जावयानं घातला. व्याही माझ्याकडे बघत होते, आता ह्या येतील, मग ह्या येतील. मी आपली दाराशी, चपलांच्या गराड्यात उभी. मागून कोणीतरी म्हणालं, बाईंचा फार जीव होता हो विहिणीवर, बघवत नाही त्यांना. ते कानावर आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. बघवत नव्हतं हे खरं, पण त्याचं कारण त्या बाईला ठाऊक नव्हतं.

फोटोत तुम्ही सरळ समोर बघताय. ती तुमची खोडच होती. माणूस बोलत असताना त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि त्याचं बोलून झालं तरी जरा वेळ बघतच राहायचं. समोरचा गडबडून आणखी दोन वाक्यं बोलायचा, आणि खरं काय ते नेमकं त्या दोन वाक्यांत असायचं. माझ्याशीही तुम्ही हेच केलंत. मी मात्र ती पुढची दोन वाक्यं कधी बोलले नाही.

तुम्ही आमचं घर बघायला दिवेआगरला आलात तो दिवस आठवतो. मुलीकडचे येणार म्हणून मी सकाळपासून राबत होते. पोहे, नारळाच्या वड्या, कोकमाचं सरबत, सगळं मांडून बसले. तुम्ही घर बघितलंच नाहीत. मागच्या दारानं थेट वाडीत शिरलात. वादळानं आमची वाडी अशी झोपवली होती की उभे माड बोटांवर मोजावे, आणि नवी रोपं जेमतेम गुडघ्याला लागत होती. त्यांच्यात निखिलनं कुठूनशा आणलेल्या मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. झाडं पडली तशा ढोलीतल्या माश्याही गेल्या होत्या आणि माशी नसली की नारळ-सुपारी नीट धरत नाही, म्हणून गावात बऱ्याच जणांनी तेव्हा पेट्या आणल्या. तुम्ही पदर डोक्याला गुंडाळलात, झाकण उचललंत आणि नुसत्या हातांनी चौकट बाहेर काढलीत. हातभर पोळं, त्यावर ह्या माश्या. मी लांबून ओरडले, अहो, चावतील. तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. म्हणालात, “सातेरी माशी आहे विहीणबाई, सासू नाही.”

अजून सोयरीक ठरलेली नव्हती आणि तुम्ही मला विहीणबाई म्हणून मोकळ्या. तिथंच मला तुम्ही आवडलात. मी हसले, पण मनात म्हटलं, ही बाई आपल्याला पुरून उरणार.

आणि उरलात. लग्नात पाय धुवायची वेळ आली तेव्हा तुमची काकू तांब्या-परात घेऊन तयार, मी खुर्चीवर पाय सोडून तयार, आणि तुम्ही सगळ्या मांडवासमोर म्हणालात, विहीणबाई, पाणी मी घालते, चोळायचं तुमचं तुम्ही बघा, वाकलं की माझी कंबर धरते. तुमची कंबर! झाडावर चढून ढोलीतलं पोळं काढणारी बाई तुम्ही. आमच्याकडच्या बायकांनी नाकं मुरडली. मी माझे पाय माझ्या हातांनी धुतले. तुम्ही वरून धार धरलीत, आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केलात. मुलीची बाजू म्हणून उगाच नमतं घ्यायचं नाही, हे तुमचं ठरलेलं होतं. म्हणून तर पुढे तुम्ही जे केलंत ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

सगळं त्या रुखवतातल्या पेटीपासून सुरू झालं. तुम्ही आधीच सांगितलं होतंत, मी भांड्याकुंड्यांची आरास मांडणार नाही, माझ्या लेकीच्या रुखवतात जिवंत मधमाश्यांची भरलेली पेटी ठेवणार. मी ते गावभर सांगत सुटले. मग तुमचा फोन आला, तुमच्याकडची एक पेटी रिकामी झालीय ना, तीच पाठवा, मी त्यात माश्यांची वसाहत भरून देते, उगाच नवी कशाला करायची. आमची एक पेटी दिवाळीच्या सुमाराला रिकामी झाली होती खरी. माश्या एका सकाळी उठून गेल्या होत्या. तुम्ही विचारलंत, का गेल्या? मी म्हटलं, मुंग्या लागल्या हो.

मुंग्या लागल्या होत्या, पण माश्या गेल्यानंतर. त्याआधी काही दिवस मी झाकण उघडलं होतं तेव्हा चौकटीत बऱ्याच अळ्या मेलेल्या दिसल्या होत्या. उताण्या पडलेल्या, टोक वर, आणि एखादी काडीनं उचलली की पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबायची. मला वाटलं, पावसाळी ओल लागली. कोणाला बोलले नाही. तुमच्यासारख्या माश्यांत जन्म घालवलेल्या बाईला कुठं सांगायचं, की आमच्याकडे पेटीसुद्धा धड सांभाळता येत नाही म्हणून? मी मुलाची आई. मुंग्या म्हटलं की दोष मुंग्यांचा.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण शेजारणीची वाटी परत द्यायची तर तिच्यात चार शेंगदाणे तरी घालावेत, हे माझ्या आईनं माझ्यात इतकं भिनवलंय की रिकामं भांडं माझ्या हातून घराबाहेर जातच नाही. आणि ही तर विहिणीकडे जायची पेटी. मी त्यातली तीन बांधलेली पोळी तशीच ठेवली. एकात थोडा मधही होता. कडुलिंबाचा पाला घातला, वरून हळदकुंकू लावलं आणि निखिलबरोबर तुमच्याकडे पाठवून दिली. तुमचा फोन आला, पोळ्यांसकट पाठवलीत होय, माश्यांना आयतं घर झालं. मला कोण आनंद.

रुखवतात ती पेटी तुम्ही मधोमध ठेवलीत. दाराला जाळी, वर झेंडूची माळ. आजूबाजूला कागदाचे पोपट आणि साखरेचे मासे, आणि मधूनच हा गुणगुण आवाज. पोरं जवळ यायची आणि पळायची. आमचा मामा फोटो काढायला वाकला आणि एक माशी त्याच्या कॅमेऱ्यावर बसली तर त्यानं कॅमेराच टाकला. इतकं हसताना मी तुम्हाला त्याआधी बघितलं नव्हतं. तो तुमचा हसरा चेहरा आठवला की मी आता दुसरं काम काढते.

पेटी आमच्या वाडीत आली आणि भरभरून चालली. तुमच्या लेकीचा, प्राचीचा हात तुमच्यासारखाच. ती झाकण काढायची तर माश्यांना कळायचंही नाही. मला मिरवायची हौस. होळीला शेजारणी आल्या तेव्हा मी प्रत्येकीला त्या पेटीतली अळ्या-अंड्यांनी भरलेली एक एक चौकट देऊन टाकली. घ्या, सुनेच्या माहेरचं वाण आहे, तुमच्या पेट्या जोर धरतील. प्राची म्हणाली होती, आई, आत्ता नको, जरा दिवस जाऊ देत. मी म्हटलं, देताना हात आखडू नये.

पाडव्याच्या सुमाराला शेजारच्या कुसुमताई चौकट हातात धरून ओटीवर आल्या. म्हणाल्या, काकी, ह्ये बघा काय झालंय. झाकलेल्या घरांना बारीक भोकं पडलेली, आणि आत अळ्या उताण्या, टोक वर. त्यांनी केसातली पिन काढून एक उचलली. लोंबती पिशवी.

मी बघताक्षणी ओळखलं. हे मला तुम्हाला आजवर सांगता आलं नाही, विहीणबाई. मी तिथल्या तिथं ओळखलं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? म्हणाले, “आमच्याकडे आधी असलं काही नव्हतं हो.”

बस, एवढंच वाक्य. त्यात सुनेचं नाव नाही, तुमचं नाव नाही. पण गावात वाक्याला पाय फुटतात. आठ दिवसांत पिठाच्या गिरणीवर ऐकू आलं, पेटी रुखवतातनं आली आणि रोगही रुखवतातनं आला. पंधरा दिवसांत पेटी मागे पडली आणि नुसता सुनेचा पायगुण राहिला. पुण्याहून एक तपासणारी मुलगी आली, नमुने घेऊन गेली. मग तिचा निरोप आला, हा विषाणू आहे, सॅकब्रूड म्हणतात, औषध नाही. पोळी, मध, चौकटी, आपले हात, एका पेटीतून दुसरीत शिरणाऱ्या माश्या, सगळ्यातून पसरतो. कुठून आला ते शोधा, म्हणाली, नाहीतर पुढच्या मोसमाला पुन्हा हेच. तोवर आमच्या आळीतल्या जवळजवळ सगळ्या पेट्या ओस पडल्या होत्या. कुसुमताईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, त्यात ओटी भरायला प्राचीला कोणी हाक मारली नाही. घरी येऊन ती नेहमीसारखी भांडी लावत राहिली. वाडीत जाणं मात्र तिनं सोडलं.

तेव्हा तुम्ही आलात. पालीहून माणगावला गाडी बदलून, एका पिशवीत दोन लुगडी आणि एक भिंग. चार दिवस राहिलात. आल्या आल्या मला म्हणालात, विहीणबाई, खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते नंतर बघू, आधी रोग कुठल्या वाटेनं चालत गेला ते बघू. घरोघर हिंडलात. कोणी कोणाला चौकट दिली, आधी की नंतर, कोणाचा चाकू कोणी वापरला, कोणाच्या पेटीवर परक्या माश्या लुटीला आल्या होत्या, सगळं विचारत. बायका आधी फटकून वागल्या. पण तुम्ही ओट्यावर बसून त्यांच्याबरोबर सुपारी सोलायला लागलात, की त्या बोलायच्या.

त्याच सुपाऱ्या घेऊन तुम्ही संध्याकाळी आमच्या ओटीवर मांडामांड करायचात. एक पेटी म्हणजे एक सुपारी. मेलेली पेटी सोललेली, जगलेली सालासकट. मधे खडूच्या रेघा. प्राची शेजारी बसून सांगायची, आई, ही आधी, ती नंतर. किती दिवसांनी पोरीचं तोंड उजळलं होतं. तुम्ही दोघी मायलेकी वाकून बसायचात आणि मी आतून चहा आणायच्या निमित्तानं बघून जायची. सगळ्या रेघा फिरून फिरून त्या एका सुपारीशी येत होत्या, रुखवतातल्या पेटीशी. तुम्ही ते स्वतःच्या तोंडानं म्हणालात, अगदी सहज, की हो, माझ्याच पेटीतून गेलाय. मग तुमच्या घरच्या पेट्यांच्या सुपाऱ्या मांडल्यात. त्या लग्नानंतर आजारी पडल्या होत्या, आणि त्यांतली पहिली होती ती, जिच्या शेजारी तुम्ही रुखवताची पेटी भरली होतीत.

प्राची आत गेली होती. तुम्ही एक सुपारी हातात घेतलीत, ती कुठं ठेवायची हे ठरत नसल्यासारखी, आणि मला विचारलंत, “विहीणबाई, पेटीत तुम्ही पोळी घालून पाठवली होतीत, ती कुठली होती?”

मी म्हटलं, नुसतं मेण होतं हो. नवंच होतं.

तुम्ही बघत राहिलात. मीही बघत राहिले, ढिम्म. मग तुम्ही “बरं” म्हणालात, ती सुपारी अडकित्त्यात धरून कातरलीत आणि अर्धी मला दिलीत. मी ती खाल्ली. अजून तिची चव आठवते, जरा तुरट होती.

जाताना स्टँडवर तुम्ही एकच मागितलंत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका येतील, तेव्हा सांगा, ह्यात पोरीच्या पायाचा काही संबंध नाही. कुठून आला ते नका सांगू हवं तर. तेवढंच सांगा. मी म्हटलं, सांगते की, त्यात काय. आणि चैत्रगौरीला मी बायकांना आंब्याची डाळ वाढली, पन्हं दिलं, भिजवलेले हरभरे ओटीत घातले. दोनदा तोंड उघडलं. एकदा कुसुमताई म्हणाल्या, डाळ काय झालीय, आणि एकदा कोणाचं तरी पोर रडायला लागलं. सबबीला काय तोटा? पायगुणाचं खोडून काढायला गेलं की कोणीतरी विचारणारच होतं, मग आला कुठून? त्या पुढच्या प्रश्नाला मी घाबरत होते.

फोनवर तुम्ही विचारलंत, सांगितलंत का? मी म्हटलं, तसा विषय निघाला नाही. तुम्ही म्हणालात, विषय निघत नसतो विहीणबाई, काढायचा असतो. मी चिडले. आपलं ठेवायचं झाकून अशी माझी गत, आणि वर तोरा. म्हटलं, मुलीच्या आईनं इतकं टोकरू नये. हे मी तुम्हाला म्हटलं. तुम्हाला. तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतर दोन महिने आपण प्राचीच्या तोंडूनच बोललो, आईला सांग, सासूबाईंना सांग.

तरी पुढचं सगळं तुम्ही केलंत. प्राचीला फोनवर शिकवून आमच्या रोगट चौकटी जाळायला लावल्यात, पेट्या धुऊन उन्हात टाकायला लावल्यात, वाचलेल्या एका वसाहतीची जुनी राणीमाशी काढून तिच्या जागी नवी धरायला लावलीत. ती वसाहत जगली. आज वाडीत ज्या चार पेट्या आहेत त्या तिच्यातूनच वाढलेल्या. नारळ धरलाय तो त्यांच्या जिवावर. मी तुम्हाला कधी उपकार झाले म्हटलं नाही, कारण उपकार म्हटलं की हिशोब निघतो आणि त्यात मीच सापडले असते.

श्रावणात प्राचीची पहिली मंगळागौर. मी हौसेनं सगळ्या आळीला बोलावलं होतं. तुम्ही आलात, फुलं-पत्री घेऊन, झिम्म्याच्या नव्या ओव्या बांधून. आणि बायका आल्या नाहीत. एकीचं डोकं दुखत होतं, एकीकडे पाहुणे होते. पाच-सहा जणींत फुगडी ती काय रंगणार. तुम्ही पोरीचे दोन्ही हात धरून एवढ्या जोरात फुगडी घातलीत, म्हटलं, ह्या पडतात आता. दमून भिंतीला टेकलात, आणि मोकळ्या बैठकीकडे बघत राहिलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. मला वाटलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आळीत एक फेरी मारून आलात. मी विचारलं, कुठं गेला होतात? तुम्ही म्हणालात, बायकांचा निरोप घेऊन आले. मी पुढे विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती.

आणि त्यानंतर काय नवल, गणपतीत सगळ्या बायका आल्या. प्राचीला हाका मारू लागल्या, पेट्या बघायला नेऊ लागल्या. गिरणीवरचं बोलणं थांबलं. मला वाटलं, लोक विसरले. प्राचीला म्हटलंसुद्धा, बघ, मी म्हणत नव्हते, चार दिवसांचं असतं सगळं? ती नारळ खवत होती, खवतच राहिली.

आपलंही बोलणं हळूहळू सुरू झालं. तुम्ही घावनं कशी जाळीदार करायची ते मला फोनवर शिकवलंत आणि मी ती आमच्याकडे उतरणाऱ्या पर्यटकांना माझी म्हणून वाढली. एकदा बोलता बोलता तुम्ही म्हणालात, हल्ली मला कोणी पेट्या बघायला बोलवत नाही, माझ्याकडच्या वसाहतीही कोणी मागत नाही. मी म्हटलं, बरंच झालं की, आयुष्यभर माश्यांमागे धावलात, आता बसा जरा. तुम्ही हसलात. हे हसू कसलं होतं ते मला आता कळतंय, आणि कळून उपयोग नाही.

पनवेलच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटले ती शेवटची. ताप छातीत उतरला होता, नाकातोंडावर नळी, तुम्हाला बोलता येत नव्हतं. प्राची औषध आणायला खाली गेली आणि आपण दोघीच राहिलो. बोलायची तीच वेळ होती. तुम्ही प्रश्न विचारू शकत नव्हतात, मला अडवू शकत नव्हतात. नुसत्या बघत होतात. आणि मी तुम्हाला ह्या वर्षी कुठल्या माडाला किती नारळ धरलेत ते सांगत बसले. विहिरीच्या कडेचा, गोठ्यामागचा, एक एक माड. तुम्ही ऐकलंत. मधेच माझा हात धरून दाबलात. मला वाटलं, दुखतंय म्हणून.

तुमच्या तेराव्याला मी ठरवून आले होते. आमच्या आळीतल्या बायकाही टेम्पो करून आल्या होत्या, तुमच्या गावच्या होत्याच. जेवणं झाली, बायका माजघरात टेकल्या, आणि तुमच्याकडची एक जण म्हणाली, बाई होती गुणाची, पण शेवटी त्या रोगट पेट्यांनी नाव घालवलं तिचं. मी उठून उभी राहिले. म्हटलं, माझं ऐका. तो रोग ह्यांचा नव्हता. आमच्या पेटीत आधी झाला होता, मी डोळ्यांनी बघितला होता, आणि तीच पोळी मी पेटीत घालून इकडे पाठवली. विचारलं तेव्हा खोटं बोलले. सुनेचा दोष नाही, विहीणबाईंचा नाही, माझा आहे.

सगळं म्हटलं. एकही वाक्य गिळलं नाही. वाटलं, आता एकेक जण तोंडावर थुंकेल, थुंकू दे.

कुसुमताई उठल्या, माझा खांदा धरून मला खाली बसवलं. म्हणाल्या, “काकी, आम्हाला ठावं हाय सगळं. तुमच्या विहीणबाई सवता दारोदार सांगून गेल्यात. मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशी. म्हनाल्या, रोगट ढोलीतली वसाहत लोभापायी मी धरली, पोरीला ठाऊक न्हवतं, सुमनकाकींना तर मुळीच न्हाय, त्यांची पेटी चांगली होती, माझ्या हातानं नासली. आमच्या पाया पडल्या हो त्या.”

पाया पडलात. परातीपुढे वाकायला नाही म्हटलेल्या तुम्ही, आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात जाऊन वाकलात.

मी म्हटलं, नाही हो, त्या खोटं बोलल्या, मी खरं सांगतेय. तर बायकांच्या डोळ्यांत पाणी. एक म्हणाली, विहीण गेल्यावर तिचा दोष आपल्या अंगावर घ्यायचा, एवढं मोठं मन कोणाचं असतं? दुसरीनं मला पाणी दिलं. मी जेवढं जोर लावून सांगत होते, तेवढी मी मोठी होत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं झालं. धरणीनं घेतलं नाही. व्याह्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

तुम्हाला एवढं कशाला करायचं होतं, हे मी टेम्पोत येताना तुम्हाला मनात विचारत होते. रागच आला होता तुमचा. एक फोन करून मला सुनावायचं होतंत, गावासमोर माझी लक्तरं काढायची होतीत. तुमचा तो अधिकार होता. पण मग माझ्या घरात तुमची लेक राहणार होती, माझ्या चुलीपाशी. तुम्ही मला ओळखलं होतंत. उघडी पडलेली सासू काय करेल, ह्याचा तुम्ही विचार केला होता.

घरी आल्यावर मी प्राचीपाशी गेले. मागच्या पडवीत ती तुमचं लुगडं घडी घालत बसली होती, तुमच्याकडून आठवण म्हणून आणलेलं. म्हटलं, मी उद्या पुन्हा सांगेन, तुमच्या पालीला जाऊन सांगेन, सगळ्यांना पटेपर्यंत सांगेन. तुझ्या आईचं नाव मी धुऊन काढेन.

तिनं घडी पुरी केली. आवाज चढवला नाही. “आई, पेटी भरताना ती पोळी मीच काढून बघितली होती, माझ्या आईबरोबर; नवी नव्हती ती, जुनी वापरलेली होती. मला पहिल्यापासून माहितीय. पण आता नका सांगू. माझ्या आईनं जन्मात एकच खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी सांगितलं. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून ते मोडू नका.”

सगळा वेळ पोरगी माझ्याच घरात होती, विहीणबाई. माझ्या हातचं जेवत होती, मला आई म्हणत होती, आणि तिला ठाऊक होतं.

म्हणून मी आता कोणाला सांगत नाही. काल आमच्याकडे मुंबईच्या पाहुण्या उतरल्या होत्या. कुसुमताई त्यांना अंगणात उभं राहून सगळी हकिगत सांगत होत्या, रुखवताची पेटी, रोग, तुम्ही, आणि तेराव्याला मी कशी उभी राहिले ते. शेवटी म्हणाल्या, सासू असावी तर अशी. पाहुण्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिथंच पायरीवर नारळ सोलत होते. मी मान वर केली नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.